झडती घे, मग ऊठ

शुद्धलेखन चुकलं तर रागावू नका. मी चौथीपर्यंतच शिकले, पुढे हात शेणात, पिठात आणि चुलीत राहिला. अक्षरही असं की माझंच मला दुसऱ्या दिवशी लागत नाही. हे मी कुणाला दाखवायला लिहीत नाही. पण समजा कुणाच्या हाती पडलंच, तर ऱ्हस्व-दीर्घाकडे बघू नका, त्या बाईकडे बघा.

आणि बघायचं तर तिच्या हातांकडे. काम संपलं की ती मेणाचा गोळा मागच्या कोनाड्यात ठेवायची. मांडीवरचं फडकं झटकायची, पदर झटकायची, आणि दोन्ही तळवे समोरच्या बाईपुढे पसरायची. तोंडात काही लपवलं नाही हे कळावं म्हणून जीभसुद्धा बाहेर काढून दाखवायची. मग म्हणायची,

"बघून घे, बाई. झडती घे, मग ऊठ."

नव्याने आलेल्या सुना लाजून "राहू द्या हो" म्हणत. तिला ते चालायचं नाही. "आत्ता ऱ्हाऊ दे म्हनतीस, आन घरी जाऊन सासूला काय म्हनशील? बघ नीट." बघितल्याशिवाय ती चटईवरून उठू द्यायची नाही.

ती पटवेकरीण होती. आता पोत दुकानात तयार टांगलेली मिळते, म्हणून सांगायला हवं. पटवेकरी म्हणजे मणी गाठवून देणारे. डोरलं, काळी पोत, लहान मुलांचे करगोटे, बैलांचे गोंडे, सगळं रेशमात ओवून, गाठ मारून द्यायचे. तिचा नवरा हे काम करायचा. तो गेल्यावर ती त्याच चटईवर, त्याच जागी बसली. मुसलमान बाई, पण जुन्नरच्या आमच्या आळीतल्या सगळ्या सवाष्णींचे गळे तिच्याच हातचे. पायाच्या अंगठ्याला दोऱ्याचं टोक अडकवायची, दोरा ताणायची, मेणावरून सर्रकन ओढायची. मेण लागलं की रेशीम ताठ होतं, मण्यातून सरळ जातं. मेण ती बाजारच्या दिवशी डोंगरातून येणाऱ्या ठाकर बायकांकडून घ्यायची, तेही वास घेऊन, दाताखाली धरून. विकणारी चिडायची. "म्येनच हाय गं बये, गूळ न्हाई मिसळला." "मिसळला असता तर गोड लागला असता," ती म्हणायची, आणि पुन्हा एकदा चावून बघायची.

आळी तिला नानी म्हणे. तिचं खरं नाव मला शेवटपर्यंत कळलं नाही. मी विचारलंही नाही, मला कुणाला काही विचारायचं म्हणजे अंगावर काटा यायचा.

मी महाळुंगे पडवळची. लग्न होऊन जुन्नरला आले तेव्हा नवे पैसे अजून यायचे होते. सासूबाईंना मी आत्याबाई म्हणायची. माझी पोत पहिल्यांदा तुटली तेव्हा आत्याबाईंनी गळ्यात हळदीचा दोरा बांधला, कारण सवाष्णीचा गळा घडीभरही उघडा ठेवायचा नाही, आणि मला नानीकडे पाठवताना सांगितलं, "तिच्या म्होरं बसायचं आन डोळा हलवायचा न्हाई. शिंक आली तर एक डोळा उघडा ठिवून शिंकायचं. सोन्याचा मनी आन पटवेकरनीचा हात, इस्वास ठिवायचा न्हाई."

तुम्ही म्हणाल, काय ही माणसं. पण तेव्हा हीच रीत होती. गाठवायला दिलं की समोर बसायचं. बसणारीला त्यात कमीपणा नव्हता, आणि गाठवणारीला राग नव्हता. मला तर ते सोपंच वाटलं. माणसाच्या तोंडाकडे बघणं मला जमायचं नाही, हाताकडे कितीही वेळ बघता यायचं.

आता जुन्नरबद्दल थोडं सांगते, त्याशिवाय ती कळायची नाही.

जुन्नर ही फार जुनी राजधानी होती म्हणतात. शाळेतले मास्तर सांगायचे, राजे होते, नाणेघाटातून बैलांचे तांडे चढून यायचे, समुद्रापलीकडचा माल इथे उतरायचा, डोंगरातली लेणी त्याच लोकांनी पैसे घालून कोरून घेतली. असेल. मला मात्र राजधानी दिसायची ती खरकट्या भांड्यांपाशी. परड्यात खणलं की हातभर लांबीच्या विटा निघायच्या, आणि आम्ही सगळ्या बायका त्याच विटा कुटून त्यांच्या भुकटीने तांब्या-पितळेची भांडी घासायचो. राजाच्या महालाची वीट का त्याच्या गोठ्याची, कुणाला ठाऊक. तांब्या मात्र लखलखीत निघायचा.

नदीच्या अंगाला पांढरीचं, म्हणजे जुन्या मोडलेल्या वस्तीच्या मातीचं, टेकाड होतं. घराच्या धाब्यावर टाकायला त्याची माती चांगली, पाणी धरत नाही, म्हणून गाडीवाले टेकाड कापून कापून माती आणायचे. कापलेल्या कड्यात थर दिसायचे, भाकरीवर भाकरी रचावी तसे. राखेचा, मग मातीचा, मग विटांचा, पुन्हा राखेचा. आणि पाऊस पडून गेला की त्या कड्यातून मणी सुटायचे. लाल, पांढरे, हिरवट काचेचे, शंखाच्या बांगड्यांचे तुकडे. शेळ्या राखणाऱ्या मुली ते वेचून नानीकडे आणायच्या आणि बदल्यात वेणीला रंगीत गोंडा घेऊन जायच्या.

नानी तो मणी उन्हात धरायची. त्याच्या भोकात डोळा घालून बघायची. "घासलाय बघ एका अंगाला. लई वरसं घातला व्हता बाईनं." मग मडक्यात टाकायची. ते मडकं तिच्या कोपऱ्यात झाकण घालून ठेवलेलं असे. त्यातला मणी तिने कधी कुणाच्या पोतीत ओवला नाही, विकला नाही.

"का हो नानी?" एकदा मी धीर करून विचारलं होतं.

"दुसरीचा हाय त्यो. तिला ठावं न्हाई हितं हाय म्हून."

"ती कधीच गेली असंल की."

"ग्येली. पन शोधत ग्येली असंल ना?" तिने दोरा दाताने तोडला. "समदी राजाचं बोलत्यात. बाईचा मनी तुटला की ती दिवसभर वाकून वाकून कशी हिंडती, त्ये कोन बोलतंय? त्या राजधानीत बी माज्यासारकी कोन तरी बसलीच असंल की चटईवर. तिच्यावर बी आळ आला असंल. मण्याला पाय असत्यात, पोरी."

मण्याला पाय असतात, हे तिचं नेहमीचं. आळीला ते पटायचं नाही. आळीचं म्हणणं, मडक्यात वर मातीचे मणी आणि तळाला मोहरा. नाहीतर एवढं झाकून कशाला ठेवते? आत्याबाई तर शपथेवर सांगायच्या की मडकं हलवलं की खाली जड वाजतं.

एकदा पुण्याहून कुणी शिकलेले गृहस्थ जुन्या वस्तू बघत हिंडत आले. पँट, टोपी, पायात बूट. कुणीतरी त्यांना नानीचं मडकं सांगितलं. आम्ही सगळ्या दारादारांत उभ्या राहिलो, आता मोहरा निघणार म्हणून. त्यांनी मणी चटईवर पसरले, पुष्कळ कौतुक केलं, हा दगड कुठून आला असेल ते सांगितलं, आणि विचारलं, "विकता का?"

"माजे असते तर इकले असते," नानी म्हणाली. "तुमाला ठावं हाय का कुनाचे हायत?"

"अहो, हजारो वर्षांपूर्वीच्या लोकांचे."

"मग त्यांनला इचारून या."

ते मोठ्याने हसले. उठायला लागले तशी नानीने मेण कोनाड्यात ठेवलं, आपले तळवे दाखवले, आणि म्हणाली, "आता तुमी, सायेब. झडती." गृहस्थ चपापले, पण भला माणूस, त्यांनी खिसे उलटे केले. पँटीची खालची घडी उलगडली तर त्यातून एक लाल मणी टपकन खाली पडला. त्यांचा चेहरा मण्यापेक्षा लाल झाला. "खरंच सांगतो, मला माहीत नव्हतं."

"तुमी न्हाई नेला," नानी मणी उचलत म्हणाली. "त्योच निघाला व्हता. पाय असत्यात त्याला."

आळी पुढे महिनाभर हसत होती. आत्याबाई हसल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "सायबाची घडी हिनं बरी तपासली. हिची कोन तपासतंय?"

आणि मग माझा मणी गेला.

चैत्रातली दुपार होती. माझ्या पोतीत डोरलं आणि त्याच्या दोन्ही अंगांना सोन्याचे मणी, ज्वारीच्या दाण्याएवढे. रेशीम जुनं झालं होतं म्हणून मी गाठवायला बसले. नानीने सगळे मणी ताटलीत सोडले. उन्हाने मेण मऊ पडलं होतं, ते मळून मळून ती त्याचा पुन्हा गोळा करत होती. तेवढ्यात शेजारणीची शेळी दारातून आत घुसली. मी "हाड हाड" करत उठले, शेळी बिचकली, ताटलीला पाय लागला आणि मणी चटईभर झाले. आम्ही दोघींनी वेचले. नानी ओवायला लागली. काळे मणी झाले, डोरलं झालं, आणि शेवटी बघते तर डोरल्याच्या डाव्या अंगाला सोन्याचा एक मणी कमी.

नानीने वर पाहिलं. मी तिच्याकडे पाहिलं. खोलीत आम्ही दोघीच. तिला ठाऊक की तिने घेतला नाही, म्हणजे मी. मला ठाऊक की मी घेतला नाही, म्हणजे ती. तिने सवयीने मेण कोनाड्यात ठेवलं आणि पदर झटकला. जीभ दाखवली. मीही माझा पदर झटकला, केस सोडून झटकले. चटई उचलली, उंबऱ्यापर्यंतचा केर गोळा करून चाळणीने चाळला. शेळीवालीला बोलावलं. शेळीने खाल्ला असेल म्हणून ती शेळी आमच्या परड्यात बांधून ठेवली आणि तिच्या लेंड्या फोडून बघायचं काम अर्थातच माझ्याकडे आलं. शेळीवाली संतापली. "माजी शेळी चोर न्हाई. चोराच्या घरी ग्येली एवडाच तिचा गुन्हा."

आत्याबाई नानीच्या दारात उभ्या राहिल्या, आळीला ऐकू जाईल अशा बेताने.

"मण्याला पाय असत्यात न्हवं? मग चालत आन की त्याला घरी."

"मी घेतला न्हाई, बाई."

"मग काय माज्या सुनंनं घेतला?"

नानी माझ्याकडे बघून गप्प राहिली. त्या गप्प राहण्याने आत्याबाईंच्या डोक्यात दुसरा किडा सोडला. दुसऱ्या दिवशी माझा भाऊ महाळुंग्याहून भेटायला आला होता. तो निघाला तेव्हा आत्याबाई म्हणाल्या, "बघू, भाकरी नीट बांधलीय का," आणि त्याची पिशवी पार तळापर्यंत उपसली. भाकरी नीटच बांधलेली होती. भाऊ हसला, त्याला काही कळलं नाही. मला कळलं. मी चुलीपुढे जाऊन बसले, धुराला डोळे दिले.

म्हणजे माझं घर त्या मण्यावर टांगलेलं आणि नानीची चटईही. तिचं माझ्याहून वाईट होतं. एका बाईने आपला गळा मागे घेतला की दुसरी घेते. तिला तर शेत नाही, मूल नाही, ती चटई तेवढी होती.

चारेक दिवसांनी ती आमच्या दारात आली. तिच्या कानांत सोन्याची एकेक बाळी होती, नवऱ्याने घातलेली. डावा कान पाळीला फाटून, सुजून लाल झाला होता. साबणाचं पाणी लावून तिने बाळी ओढून काढली होती, बरीच वर्षं न निघालेली. ती तिने आत्याबाईंपुढे ठेवली.

"घेतला न्हाई. पन माज्या चटईवरनं ग्येला. सोनाराकडं चला, म्होरं बसा, याचा मनी करून घ्या."

आत्याबाई गेल्या, आणि सोनारासमोर खरंच डोळा न हलवता बसल्या. बाळीचा मणी झाला. माझ्या पोतीत तो दुसऱ्या मण्यांहून जरा तांबूस दिसे. मी आरशात बघायची तेव्हा नजर तिथेच जाई.

मला वाटलं मिटलं. मिटलं कसलं! आळी म्हणाली, "भरून दिला, म्हंजी घेतला व्हता. न्हाईतर कोन कानातलं काढून देतंय?" बायका बाजारात बसणाऱ्या एका फिरत्या पटवेकऱ्याकडे जायला लागल्या. श्रावणातली गर्दी तिच्याकडे आलीच नाही. पोळ्याला बैलांचे गोंडे मात्र तिने केले, कारण बैलांना सोन्याचे मणी नसतात. त्या वेळी तिने नवं मेण घेतलं, जुना गोळा लहान झाला होता त्याच्यावरच थापलं. घेताना चावून बघितलं की नाही, मला माहीत नाही. शेळीवाली तिथे उभी होती, ती सांगत होती, "आता चावीत बी न्हाई गं ती."

भाद्रपदात एकदा मी विहिरीवरून येत होते. ती दारात बसली होती. आजूबाजूला कुणी नव्हतं. तिने हाक मारली.

"पोरी, खरं सांग. तू नेलास? मी कुनाला सांगनार न्हाई. म्हायेरी अडचन असती मानसाची."

माझ्या डोक्यावरची घागर हिंदकळली. मी आयुष्यात पहिल्यांदा तिच्या तोंडाकडे सरळ पाहिलं. "न्हाई, नानी. तुम्ही?"

"न्हाई."

तिने मान हलवली. मीही हलवली. दोघींनी एकमेकींवर विश्वास ठेवला असं मी म्हणणार नाही. ती आपल्या डाव्या कानाच्या पाळीला चोळत होती, आणि माझा हात त्या तांबूस मण्यावर गेला होता. पण त्यानंतर मी विहिरीवर जाताना तिच्या दारावरून जायला लागले, पूर्वी वळसा घालायची.

संक्रांतीच्या तोंडावर हळदीकुंकवासाठी सगळ्या बायका पोती नव्याने गाठवून घेतात. त्या वर्षी सगळ्या फिरत्या पटवेकऱ्याकडून आल्या होत्या. आणि अशाच एका सकाळी, चांगलं ऊन वर आलं असताना, आळीत नानीचा आवाज ऐकू आला. ती कधी मोठ्याने बोलत नसे.

"बायांनो, या गं. समद्या या. शेळीवालीला बी बोलवा."

ती आमच्या पायरीपाशी उभी होती. तिच्या हातात ताटली, आणि ताटलीत मेणाचा गोळा. थंडीने दगडासारखा झालेला. वरून दोरा ओढून ओढून त्यात खोल घळी पडलेल्या. तिने ताटली पायरीवर ठेवली आणि दोन पावलं मागे सरकून हात पाठीमागे बांधले.

"मी हात लावनार न्हाई. त्या मदल्या घळीत बघा."

आम्ही वाकलो. घळीच्या तळाशी, पिवळ्या मेणाखालच्या काळ्यात, बारीकसं काही चमकत होतं. टाचणीच्या डोक्याएवढं.

आत्याबाईंनी बघितलं. एकदम ताठ झाल्या. "व्हय गं, आता कुणी यीना झालं तवा मेनात दाबून आनलास व्हय? आमाला येडं समजलीस?"

मी नानीकडे पाहिलं. मला वाटलं ती आता रडेल. पण ती आत्याबाईंपेक्षा शहाणी. तिला हे येणार हे ठाऊकच होतं.

"म्हून तर काडला न्हाई," ती शांतपणे म्हणाली. "काडून आनला असता तर म्हनला असतात, घेतला व्हता, भ्याली, आनला. वरचं पिवळं म्येन पोळ्याचं हाय. घेतलं तवा ही शेळीवाली म्होरं व्हती. आतलं काळं चैतातलं. मनी कशात हाय, तुमीच उकरा. मी लांब हुभी ऱ्हाते."

शेळीवालीने मान डोलावली. "पोळ्याच्या बाजारीच घेतलं. मी व्हते."

आत्याबाईंनी घरातून दाभण मागवलं. पायरीवर बसून त्या उकरायला लागल्या. आधी पिवळं मेण निघालं, कपच्या कपच्यांनी. त्यात बैलांच्या गोंड्यांचे हिरवे लाल तंतू अडकलेले. त्याच्या खाली काळं मेण लागलं, घट्ट, जुनं. मला पांढरीचा कापलेला कडा आठवला. थरावर थर. आणि त्या काळ्या थरात मणी होता. अर्धा घळीने उघडा पडलेला, अर्धा चारी बाजूंनी गच्च धरलेला. दाभणाने बाहेर पडला तेव्हा त्याच्या भोकातही काळं मेण भरलेलं होतं आणि माझ्या पोतीच्या काळ्या रेशमाचा एक तंतू त्याला चिकटून होता.

शेळी आत आली, ताटली लवंडली, मणी मऊ मेणाला चिकटला, आणि नानीने मळता मळता त्याला आत घेतला. सगळ्यांची झडती झाली होती, शेळीची लेंडीसुद्धा सुटली नव्हती. कोनाड्यातल्या मेणाची झडती घ्यायचं कुणाच्या मनात आलं नाही. तिच्याही नाही.

"आला चालत," नानी म्हणाली.

आत्याबाई पुष्कळ वेळ मणी चिमटीत धरून बसल्या. त्या कुणाची माफी मागणाऱ्या नव्हत्या, आणि त्या दिवशीही मागितली नाही. मला म्हणाल्या, "सुनं, गळ्यातलं काड." मी हळदीचा दोरा बांधून पोत काढली. त्यांनी ती नानीपुढे ठेवली. "आमचा आमाला घाल. तुजा तू घे. कमी न्हाई, जास्त न्हाई."

नानी आमच्या पायरीवरच बसली. अंगठ्याला दोरा अडकवला. मी चहा टाकायला म्हणून आत वळले. खरं सांगायचं तर मला तिच्यासमोर बसायचं नव्हतं. एवढं झाल्यावर कसं बसायचं?

"कुठं निगालीस?" ती म्हणाली. "म्होरं बस."

"तुम्ही करा, नानी. मी चहा टाकते."

"च्या मागनं. बस म्होरं. पुन्यांदा कमी आला तर माज्या कानात आता एकच हाय."

मी बसले. तिने तांबूस मणी काढून बाजूला ठेवला, जुना मणी त्याच्या जागी घातला, गाठ मारली, दोरा दाताने तोडला. मग तिथे कोनाडा नव्हता म्हणून मेणाचा तुकडा पायरीवर ठेवला, पदर झटकला, दोन्ही तळवे पसरले. "बघून घे, बाई. झडती घे, मग ऊठ."

तेवढ्यात आत्याबाई म्हणाल्या, "आन म्येन?"

मग शेळीवाली पहिली हसली, आणि तिच्यामागून सगळी आळी. नानी सुद्धा. तिने मेणाचा तुकडा तळव्यावर घेतला, मोडून दोन केले, आत्याबाईंच्या नाकाखाली धरले. "वास बी घे." आत्याबाईंनी वास घेतला. हसल्या नाहीत. पण चहा त्यांनीच टाकला, आणि नानीच्या कपात साखर जास्त घातली होती. मला ती गोष्ट चहा गाळताना कळली.

गळे परत आले. सगळे नाही. काहींचं म्हणणं, मेणाचं नाटक तिने रचलं, शेळीवालीला गोंडे फुकट दिले असतील. आणि ज्या येत, त्या तळवे बघून झाल्यावर म्हणत, "नानी, म्येन दावा." ती मोडून दाखवायची. राग नव्हता. आता झडती पुरी झाली, असं तिला वाटत असावं.

पुढे तिची नजर मंद झाली. काळ्या मण्याचं भोक दिसेना. तिचा पुतण्या मंचरला असायचा, त्याने तिला न्यायचं ठरवलं. मी एस.टी.च्या थांब्यावर पोचवायला गेले, आत्याबाईंनीच पाठवलं. "जा. बघ, काय काय नेतीया," असं म्हणून.

तिच्याजवळ एक गाठोडं आणि एक वळकटी होती. मडकं दिसलं नाही.

"नानी, मडकं?"

"वतलं पांडरीत. कुनी शोधत आलं तर तितंच येतील. मंचरला कशाला येतील?"

आळीत अजून म्हणतात, मोहरांचं मडकं पुतण्याने आदल्या दिवशीच हलवलं. म्हणोत.

गाडी आली. पुतण्याने गाठोडं वर चढवलं. कंडक्टर ओरडायला लागला, "चला, आजी, आटपा." नानी पायरीवर एक पाय ठेवून थांबली. मागे वळली. सगळ्या थांब्यासमोर तिने पदर झटकला, आणि माझ्यापुढे दोन्ही तळवे पसरले.

"बघून घे, पोरी. झडती घे, मग जाते."

कंडक्टर बघत राहिला. मी तिच्या तळव्यांकडे पाहिलं नाही. मी तिच्या डाव्या कानाकडे पाहिलं. पाळीच्या फाटलेल्या भोकाच्या जरा वर नवं भोक पाडलेलं होतं, आणि त्यात, मेण लावलेल्या काळ्या रेशमात ओवलेला, तो तांबूस मणी होता.

"पाहिलं, नानी," मी म्हणाले. "सगळं जागच्या जागी आहे."